तीस वर्षांच्या पावसाचे पत्ते

मी चौथी पास आहे. पाचवीत तीन महिने बसलो होतो, पण ते मी धरत नाही, कारण त्या तीन महिन्यांत फक्त मार खाल्ला. आता घरात जो तो कॉम्प्युटरबद्दल बोलतो आणि मला समजावून द्यायला बघतो. मी ऐकून घेत नाही. यांचा जन्म व्हायच्या आधी मी कॉम्प्युटरचे पत्ते हाताळलेत. यंत्र पाहिलं नाही, हे खरं. पण ज्यानं पत्ते पाहिले त्यानं माग पाहिला, असं आमच्या धंद्यात म्हणतात.

धंदा म्हणजे धुळ्यात जेकार्डचे पत्ते कापायचा. ज्यांनी माग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. लुगड्याच्या काठावर मोर, कोयरी असं जे दिसतं ते विणकर डोक्यातून काढत नाही. मागाच्या वर जेकार्ड नावाचा सांगाडा बसवलेला असतो. त्यावरून जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या एकामागून एक फिरतात. त्यांना आम्ही पत्ते म्हणतो. पत्त्याला भोक असलं की सुई आत शिरते आणि तिचा धागा वर उचलला जातो. भोक नसलं की धागा खालीच बसून राहतो. आडवा धागा नेणाऱ्या धोट्याची एक फेरी, एक पत्ता. सगळे पत्ते दोरीनं ओवून त्यांची माळ करायची आणि शेवटचा पत्ता पहिल्याला बांधायचा, म्हणजे मोर संपला की दुसरा मोर आपोआप सुरू होतो. त्यामुळे एका पत्त्यात चूक झाली तर ती एका मोराला होत नाही. पदरापर्यंतच्या एकूण एक मोराची चोच वाकडी.

हे काम मला आमच्या कारखान्याच्या मालकांनी, चाचांनी शिकवलं. चार माग त्यांचे स्वतःचे होते. मोतीबिंदूनं त्यांची नजर जवळजवळ गेली होती, पण बोटांची नजर शाबूत होती. तपासायची आमची रीत अशी: नक्षीचा चौकड्यांचा कागद घेऊन मी मोठ्यानं म्हणायचो, "उठ, उठ, बस, उठ, बस, बस," आणि चाचांचं बोट पत्त्यावरून चालायचं. भोक म्हणजे उठ, कोरं म्हणजे बस. बोट थांबलं की मी पण थांबायचो. बोट थांबलं म्हणजे मी चुकलेलो असायचो. पहिल्या वर्षी फार थांबायचं.

आठवडाभर मागांच्या खडखडाटात कुणी कुणाशी बोलत नसे, सगळं हातवाऱ्यांवर. शुक्रवारी माग बंद. नमाज झाली की चाचा, दोघेतिघे विणकर आणि मी कारखान्यातच चटई टाकून बसायचो आणि मी गोष्ट वाचून दाखवायचो. वाचता येणारा मी एकटाच. पुस्तकी मराठी वाचायची आणि तिथल्या तिथे निम्मी अहिराणीत, निम्मी चाचांच्या हिंदीत उलटवायची. माझ्या उलटवण्यात मूळ लेखकाचं काय राहत असेल ते तोच जाणे.

गोष्टी विज्ञानाच्या. इतर गोष्टींत सासू-सुनेचं भांडण नाहीतर प्रेमभंग. ते घरी फुकट मिळतं, असं साक्रीकडचा विणकर म्हणायचा. विज्ञानाच्या गोष्टींत निदान पुढे काय होणार ते माहीत नसायचं.

पण त्या गोष्टींवर माझी मतं होती आणि अजून आहेत. अग्निबाण घेऊन मंगळावर जाणाऱ्यांत एकही सुतार, लोहार कसा नसतो? सगळे शास्त्रज्ञ. मग तिकडे एखादा खिळा निघाला तर ठोकणार कोण? दुसरं म्हणजे यंत्रमाणूस. चारातल्या तीन गोष्टींत तो शेवटी मालकावर चिडतो आणि त्याचा गळा धरतो. अशी एक गोष्ट मी वाचत होतो तर साक्रीवाल्यानं मध्येच हात वर केला.

"यंत्रले राग येस?"

"गोष्टीत येतो."

"राग कसाना! त्याले तेल टाकेल नही व्हई."

सगळे हसले, पण मला ते पटलं. चाळीस वर्षं यंत्राजवळ काढली, एकही यंत्र बंड करून उठलेलं पाहिलं नाही. ते बिघडतं. तुम्ही चुकीचं सांगितलं तर चुकीचं करतं, आणि न थकता करतं. माझ्या मते भीती वाटावी ती याची. ते कुणी लिहीत नव्हतं.

मला आवडायच्या त्या विचित्र गोष्टी. लोक म्हणायचे या वायफळ आहेत. एका गोष्टीत फक्त दोन यंत्रं एकमेकांना पत्रं पाठवत असतात. प्रत्येक पत्र आधीच्यापेक्षा छोटं, आणि शेवटचं कोरं. बस, संपली. ऐकणारे झोपले होते. मी ती दोन वेळा वाचली.

आणि एक होती तांब्याची. एक माणूस विहीर खणत असतो. पाच पुरुष खाली गेल्यावर मातीत तांब्या सापडतो. तांब्यावर नाव कोरलेलं, आणि नाव त्याचंच. तो तांब्या घासूनपुसून घरी ठेवतो. पुढे काहीतरी होऊन तो हजार वर्षं मागे फेकला जातो, हातात तांब्या घेऊनच. तिथे त्याच जागी तांब्या हातातून सुटतो आणि चिखलात रुततो. शेवटच्या ओळीत कुणीतरी विहीर खणत असतं.

ही गोष्ट वाचत होतो तेव्हा दारात एक पांढरा शर्ट उभा होता. आमच्या गल्लीत भाड्याच्या खोलीत राहणारे, कॉलेजात गणित शिकवणारे सर. मूळचे जळगावचे. त्यांना आमच्या मागांचा आवाज आठवडाभर सोसावा लागायचा. मला वाटलं तक्रार घेऊन आले.

"नाही नाही," ते म्हणाले, "आवाज बंद का झाला ते बघायला आलो."

ते चटईच्या कडेला बसले आणि गोष्ट संपल्यावर म्हणाले, "पण लेखकाची चूक आहे यात. तो तांब्या घडवला कुणी? तो कुठल्याच तांबटाकडे कधी गेलाच नाही."

मी काही बोलायच्या आत चाचा म्हणाले, "साहब, आखरी पत्ता पहले को बांध दिया. और क्या?"

सरांना कळलं नाही. मग मी त्यांना उठवून मागापाशी नेलं, माळ दाखवली आणि गाठ दाखवली. ते बराच वेळ वर बघत उभे होते. मान अवघडेपर्यंत. त्यानंतर सर दर शुक्रवारी यायला लागले. सुट्टीला जळगावला गेले की तिथल्या एका मारवाडी रद्दीवाल्याकडून जुने दिवाळी अंक निवडून आणायचे. विज्ञानाची गोष्ट असलेल्या पानाला घडी घातलेली असायची.

त्यांनीच एकदा कॉम्प्युटरचं काढलं. मोठा दुष्काळ नुकताच होऊन गेला होता. साक्रीवाल्याच्या घरची सगळी माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडून आलेली. सर चार वर्षं पावसाचे आकडे गोळा करत होते. साक्री, सोनगीर, भडगाव, जिथे जिथे सरकारी पर्जन्यमापक होता तिथली जुनी रजिस्टरं बसून उतरवलेली. तीस वर्षांचा पाऊस, महिन्यामहिन्याचा. त्यांना बघायचं होतं की दुष्काळ ठरावीक वर्षांनी फिरून येतो का. हाताने करायचं तर जन्म जाईल, म्हणून मुंबईच्या एका संस्थेतल्या कॉम्प्युटरवर करायचं. यावर त्यांना डॉक्टर ही पदवी मिळणार होती.

"वर्तमानपत्रवाले त्याला मेंदू म्हणतात," मी म्हणालो.

"दिमाग है तो सरदर्द भी होता होगा," चाचा म्हणाले.

"मेंदू वगैरे काही नाही," सर म्हणाले. "त्याला आकडे द्यावे लागतात. पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर भोकं पाडून."

सगळे सरांकडे वळले. मी विचारलं, "भोक असलं की काय होतं?"

"तो आकडा आहे असं ते समजतं."

"आणि नसलं की नाही."

"हो."

"मग तो माग आहे."

"नाही हो भाऊ, माग कसा असेल? ते विजेवर चालतं, एका क्षणात हजारो…"

"हेही विजेवर चालतात," मी चारी मागांकडे बोट दाखवलं. "जोरात चालणारा माग आहे, एवढंच म्हणा."

सर माझ्याशी तासभर भांडले. मी मागे हटलो नाही. शेवटी ते म्हणाले की पुढच्या शुक्रवारी पत्तेच आणून दाखवतो.

आणले. लांबट खोक्यात पोस्टकार्डापेक्षा थोडे मोठे पत्ते, आमच्यापेक्षा पातळ, पण गुळगुळीत आणि काय सफाईनं कापलेले! एक कोपरा तिरका छाटलेला. महिन्याला एक पत्ता, म्हणजे तीस वर्षांचे तीनशे साठ. मी एक पत्ता चाचांच्या हातात दिला. चाचांनी बोट फिरवलं, परत फिरवलं आणि त्यांचा चेहरा असा झाला जसा गावाकडचं कुणी अचानक भेटल्यावर होतो.

"अरे भाऊ, ये तो अपने पत्ते है!"

"हाई बठ्ठं आपलंच शे," साक्रीवाला म्हणाला.

सरांनी वाचायचं कसं ते दाखवलं. उभ्या ओळी असतात. एका ओळीत एकच भोक. भोक जितकं खाली, आकडा तितका मोठा. मला पाच मिनिटांत आलं. पण सर बोलताना अस्वस्थ होते, म्हणून मी विचारलं काय झालं. सोमवारी सकाळी त्यांची यंत्रावर पाळी होती. सहा महिने वाट पाहून मिळालेली, तीही संस्थेतल्या एका ओळखीच्या माणसाच्या मेहेरबानीनं. यंत्राला काय करायचं ते सांगणाऱ्या सूचनाही त्या माणसानंच लिहून दिल्या होत्या, आणि महिनाअखेर तो संस्था सोडून चालला होता. पाळी हुकली तर परत मिळणार नाही. आणि पत्ते कापणाऱ्यानं कुठे चूक केली का हे तपासायचं राहिलं होतं. मध्ये शनिवार-रविवार सरांना जळगावला परीक्षेचे पेपर तपासायला जायचं होतं.

"माझ्याकडे ठेवा," मी म्हणालो. "भोकं तपासणं माझा धंदा आहे."

सरांनी खोकं पोटाशी धरलं. मग माझ्याकडे बघितलं, चाचांच्या बोटांकडे बघितलं.

"भाऊ, ही माझी चार वर्षं आहेत."

"दिसतंय."

"पाणी लागू द्यायचं नाही. दुमडायचे नाहीत. क्रम बदलायचा नाही."

"तीन सांगितलंत, तीन पाळीन."

शनिवारी सकाळपासून मी आणि चाचा मागांच्या आवाजापासून दूर, माझ्या घरी बसलो. सरांच्या वहीतून मी आकडा वाचायचो आणि चाचा बोटानं भोक मोजायचे. संध्याकाळच्या आत तीनशे साठ पत्ते झाले. पाच चुका निघाल्या. चार ठिकाणी आकडा वेगळा होता. पाचव्याला चाचांचं बोट थांबलं आणि ते म्हणाले, "यहां एक लाइन में दो छेद. दो धागे उठेंगे." प्रत्येक चुकीच्या पत्त्याला मी कागदाची चिठ्ठी लावली. मला इतकं बरं वाटत होतं की सांगता येत नाही. मुंबईच्या यंत्राचं काम धुळ्यात, आमच्या चटईवर.

इथे थांबलो असतो तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती.

खोक्यात पत्ते परत ठेवताना मला ते सुटे बघवेनात. आमच्या धंद्यात सुटे पत्ते कुणी देत नाही. सुटे पत्ते दिले म्हणजे काम अर्धं टाकलं. पत्ते पडले, मिसळले तर मोराचं डोकं पायाला. आणि हा माणूस ते खोकं घेऊन चाळीसगावला गाडी बदलणार, गर्दीत धक्के खाणार. क्रम बदलायचा नाही असं तर त्यानंच सांगितलं होतं! तेव्हा मी रविवारी सकाळी पंच आणि दोरी काढली.

बायको दारात धान्य निवडत होती. ती म्हणाली, "सरले इचारं का?"

"विचारायचं काय त्यात?"

"दुसरानी वस्तू शे."

"म्हणूनच नीट बांधून देतोय."

आमचा पहिला नियम, ओवायचं भोक नक्षीच्या भोकाला लागता कामा नये. मी सगळे पत्ते उजेडात धरून बघितले. उजव्या बाजूला चार बोटं जागा सगळ्या पत्त्यांत कोरी होती. तिथे वर एक, खाली एक अशी दोन भोकं प्रत्येक पत्त्याला पाडली. दोरी घासून तुटू नये म्हणून मेण लावलं. दुपारपर्यंत माळ तयार. शेवटचा पत्ता पहिल्याला बांधला, पहिला कुठला ते कळावं म्हणून तिथे लाल धागा घातला, आणि माळ घडीघडीनं खोक्यात बसवली. इतकी सुंदर माळ मी आधी कधी ओवली नव्हती.

सर चार वाजता आले, बाहेर टांगा उभा करून; चाचाही नुकतेच येऊन बसले होते. मी आधी पाच चिठ्ठ्या दाखवल्या. ते खूष झाले, दोनदा शाबास म्हणाले. मग त्यांनी एक पत्ता उचलला आणि त्याच्या मागून दुसरा आला, तिसरा आला, चौथा आला.

त्यांनी माळ खाली ठेवली. एक पत्ता डोळ्यांजवळ धरला.

"ही भोकं कुणी पाडली?"

"मी. जिथे तुमचं काही नव्हतं तिथे."

"भाऊ, प्रत्येक पत्ता यंत्रात एकटा जातो. सुटा."

"सुटा? मग कुणानंतर कोण हे त्याला कळतं कसं?"

"मी लावतो तसं."

"आणि पडले तर?"

"तर मी रडतो!" सर एवढ्या जोरात कधी बोलले नव्हते. मग खाली बसले. हळू आवाजात म्हणाले, "यंत्र भोक बघतं. कुणी आणि कशासाठी पाडलं ते बघत नाही. तुमचं भोक पण ते आकडा म्हणून वाचेल."

"ओवू नका असं तुम्ही म्हणाला नव्हतात," मी म्हणालो.

हे वाक्य मी तेव्हा ताठ मानेनं बोललो. आज तसं म्हणणार नाही.

"पत्ता कुठपर्यंत वाचायचा ते त्याला सांगितलेलं असतं का?" मी विचारलं.

"सूचना मी लिहिल्या नाहीत. मला माहीत नाही."

चाचांनी कात्री मागवली आणि बोटांनी चाचपून एकेक दोरी कापली. सगळे पत्ते सुटे झाले. सरांनी चहा घेतला नाही. टांगा गेला. खोक्याच्या तळाशी मेणाचे कण राहिले होते, ते कुणाला दिसले नाहीत.

पुढच्या शुक्रवारी सर आले नाहीत. मी जुनीच गोष्ट वाचली. कुणाचं लक्ष नव्हतं. साक्रीवाल्यानं विचारलं, "सरनं काय व्हयनं?" मी पान उलटलं. चाचा म्हणाले, "मेरी भी गलती है. मैंने रोका नहीं." त्यांनी असं म्हटल्यावर मला जास्त राग आला, कारण माळ ओवताना ते तिथे नव्हतेच.

घरी बायको म्हणाली, "तो माणूस येई, तधळ माफी मांगी ल्या."

"चूक काय केली?"

"माले काय इचारतस? पोटले इचारा." दोन दिवस माझं जेवण जात नव्हतं ते तिनं बघितलं होतं.

मला डोक्यात एकच घोळत होतं. मागावर काठ अरुंद असला की जेकार्डच्या शेवटच्या सुया आम्ही रिकाम्या सोडतो. पत्त्यावर तिथे भोक असो नसो, धागाच बांधलेला नाही तर उचलणार काय? मग त्या यंत्राला पण तसं सोडता येत असेल की. मी पोस्टकार्ड आणलं. मुंबईचा पत्ता माहीत नव्हता, तरी लिहिलं. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. लिहिलं की, रा. रा. सर यांस, यंत्राला सांगता येत असेल तर सांगा की उजव्या काठाकडे बघू नको. तिकडे काही नाही, फक्त माझी दोन भोकं आहेत. आणि ते सरांच्या कुलूपबंद खोलीच्या दाराखालून आत सरकवलं. त्यात माफी नव्हती. जागा उरली होती, तरी नव्हती.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी नमाज होऊन आम्ही बसलो तर दारात पांढरा शर्ट. दाढी वाढलेली. हातात माझं पोस्टकार्ड.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"मागानं."

ते बसले आणि सगळं सांगितलं. सूचना लिहिणाऱ्यानं यंत्राला खरंच तसंच सांगून ठेवलं होतं की पत्त्याचा पहिला पाऊण भाग वाच, पुढे बघू नको. माझी भोकं यंत्रानं पाहिलीच नाहीत.

मी चाचांकडे बघितलं. छाती फुगवायची तेवढी फुगवूनही घेतली. पण सरांचं संपलं नव्हतं.

"अकरावा पत्ता आत अडकला. मेणानं चिकटून दोन एकदम गेले. यंत्र बंद पाडलं मी. तिथला माणूस मला काय काय बोलला ते मी इथे सांगत नाही. पाळी गेली."

"गेली?"

"गेली. आठ दिवस त्यांच्या व्हरांड्यात बसून होतो. रोज हात जोडायचो. शेवटी त्या ओळखीच्या माणसानं जायच्या आदल्या दिवशी पहाटेची अर्धी पाळी दिली. तिथे पत्त्यावरून पत्ता उतरवायचं एक यंत्र असतं, त्याच्यावर सगळे पत्ते नवे करून घेतले. तुमच्या पाच चुका तेव्हाच दुरुस्त केल्या. मग झालं."

"चुका राहिल्या असत्या तर?"

"उत्तर चुकलं असतं. मला कळलंही नसतं."

मी घसा साफ केला. सगळे माझ्याकडे बघत होते, चाचांचे डोळेसुद्धा.

"मेण लावायला नको होतं," मी म्हणालो.

"फक्त मेण?" सर म्हणाले.

"फक्त मेण."

सर हसले. मला माहीत आहे ते का हसले. आता इतक्या वर्षांनी सांगतो, ओवायलाच नको होते. विचारायला हवं होतं. हे त्यांच्यासमोर बोललो असतो तर काही झिजलं नसतं.

"और माला मिली?" चाचांनी विचारलं. "बारिश की? कितने पत्तों की है?"

"नाही मिळाली चाचा. तीस वर्षांत पाऊस कुठेच फिरून तसा आलेला नाही, असं उत्तर आलं."

"चार वरीस काम, आन उत्तर नही?" साक्रीवाल्याला ते सहन होईना. त्याला सालं हवी होती, अमुक साली धान्य साठवून ठेव असं सांगणारी.

"तीस साल में क्या होगा," चाचा म्हणाले. "पत्ते कम है. माला लंबी होगी."

"किंवा माळच नसेल," सर म्हणाले.

हे मात्र आमच्यापैकी कुणालाच पटलं नाही. माळ नाही तर कापड कसं निघतं? मी म्हणालो, "आकडे आम्हाला द्या. यंत्राला दिसलं नाही ते मागावर दिसेल." विणकराच्या डोळ्याला पुन्हा येणारी नक्षी हातभर अंतरावरून कळते, तिथे गणित लागत नाही. सरांनी साक्रीच्या पावसाची पानं दिली. मी पंधरा दिवसांत पत्ते कापले. महिन्याला एक. पाऊस जितका जास्त तितके जास्त धागे उचलायचे. कोरड्या महिन्याला काहीच नाही. या वेळी पत्ते आमचे होते, त्यामुळे ओवायला कुणाची हरकत नव्हती. मेण लावलं नाही, पहिल्या पत्त्यापाशी लाल धागा मात्र घातला.

एका शुक्रवारी चाचांनी सुट्टी मोडून एक माग चालू केला. उभा ताणा निळा, आडवा बाणा पांढरा. सर कापडाला नाक लावून उभे. आठ महिन्यांची कोरी पट्टी, मग चार महिन्यांचा निळा उंचवटा, परत कोरं. उंचवटे कधी ठेंगणे, कधी जाड, कधी दोन चिकटलेले. दुष्काळाच्या जागी कोरं लांबत गेलं तेव्हा साक्रीवाल्यानं तिथे बोट ठेवलं. माझे डोळे नक्षी शोधत होते. शोधून सापडेना.

तीनशे साठ फेऱ्या व्हायला कितीसा वेळ लागतो! तीस वर्षांचा पाऊस वीतभरसुद्धा भरला नाही. माग चालूच होता. एवढ्यात सर ओरडले, "थांबा! भाऊ, हे बघा! हा ठेंगणा, मग दोन जाड, मग हा चिकटलेला… हे आधी आलंय! हे परत येतंय!"

मी माग बंद केला. कापड ओढून बघितलं आणि वर माळेकडे बघितलं. लाल धागा नुकताच वरून फिरून गेला होता.

"ते तुमच्या पावसाचं नाही, सर," मी म्हणालो. "ती माझी गाठ आहे."